लेखणीचें उत्पन्न



वरच्या इयत्तांतील मुलामुलींकडून एक प्रश्न अलीकडे आमच्या कानीं वारंवार येत आहे. "इंटरनेटवर स्वतःचा ब्लॉग काढून लिहूं लागलें असतां घरबसल्या पैसे मिळतात, हें खरें काय?" कोणी हा प्रश्न कुतूहलानें विचारतो, कोणी आशेनें, आणि ज्याच्या घरीं पैशाची ओढाताण आहे तो फार गंभीरपणें विचारतो. अशा प्रश्नास "नाहीं" असें उत्तर देऊन मोकळें होणें सोपें आहे, पण तें उत्तर खरें होणार नाहीं. नुसतें "होय" म्हणणें त्याहूनही सोपें, पण तें घातक होईल. यास्तव या लेखांत आम्ही या विषयाची नीट फोड करून पाहण्याचें योजिलें आहे. पैसा मिळतो कीं नाहीं एवढेंच न पाहतां तो कोणाच्या खिशांतून येतो, कशाबद्दल येतो, आणि किती दिवसांनीं येतो, हें पाहिलें म्हणजे उत्तर आपोआप हातीं येईल.

१. शब्दाचा अर्थ

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. "वेब" म्हणजे जाळें. आणि "लॉग" म्हणजे जहाजाचा कप्तान रोजच्या प्रवासाची नोंद ज्या वहींत करतो ती वही. या दोहोंपासून "वेबलॉग" हा शब्द १९९७ सालीं अमेरिकेंत निघाला, व १९९९ सालीं त्याचा संक्षेप होऊन "ब्लॉग" हें रूप प्रचारांत आलें. मराठींत कित्येक जण त्यास "अनुदिनी" म्हणतात, व तें नांव अर्थास धरूनच आहे. त्याच १९९९ सालीं "ब्लॉगर" व पुढें २००३ सालीं "वर्डप्रेस" अशा सोयी निघाल्या. त्यांमुळें यंत्राची भाषा न शिकतां कोणाही मनुष्यास आपला मजकूर जगापुढें मांडतां येऊं लागला.

पूर्वीं ज्यास कांहीं प्रसिद्ध करावयाचें असे, त्यास कागद, छापखाना व टपालहंशील या तीन गोष्टींचा खर्च सोसावा लागे. आतां लेखक या तिन्ही खर्चांतून जवळजवळ मुक्त झाला आहे. परंतु पुष्कळांच्या समजुतींत घोटाळा होतो तो येथेंच. खर्च वांचणें ही एक गोष्ट आहे आणि उत्पन्न होणें ही दुसरी. रहाट फुकट मिळाला म्हणून विहिरीस पाणी लागतेंच असें नाहीं. पाणी कोठून येतें, हें समजण्यासाठीं आपण थोडें मागें जाऊं.

२. पूर्वींचे दाखले

लोकांसाठीं लिहिणाऱ्यास पैसा मिळण्याच्या वाटा चार आहेत. वाचकाकडून वर्गणी, आश्रयदात्याकडून साह्य, जाहिरातदाराकडून मोबदला, आणि लेखनाच्या योगानें वाढणारा स्वतःचा धंदा. या चारही वाटा इंटरनेटच्या पुष्कळ आधीं पडलेल्या आहेत. प्रत्येकीचा एकेक दाखला घेऊं.

पहिली वाट वर्गणीची. ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस बाळशास्त्री जांभेकर यांनीं "दर्पण" हें पत्र सुरू केलें. एका रकान्यांत मराठी व शेजारच्या रकान्यांत इंग्रजी, अशी त्याची मांडणी होती. मराठी वृत्तपत्रांचा आरंभ तेथून मानतात, व म्हणूनच महाराष्ट्रांत ६ जानेवारी हा पत्रकार दिन पाळतात. परंतु त्या काळीं वाचणारे थोडे, आणि पैसे देऊन वाचणारे त्याहून थोडे. साडेआठ वर्षें चालून १८४० सालीं तें पत्र बंद झालें. बाळशास्त्री हे एल्फिन्स्टन संस्थेंत अध्यापक होते, ही गोष्ट येथें ध्यानांत धरण्याजोगी आहे. मराठींतील आद्य संपादकाच्या हातीं लेखणीखेरीज दुसराही उद्योग होता.

दुसरी वाट आश्रयाची. १८४२ सालीं अमेरिकन मराठी मिशननें अहमदनगर येथें, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगर शहरीं, "ज्ञानोदय" सुरू केलें. त्याच्या पाठीशीं एक संस्था उभी होती, म्हणून केवळ वर्गणीवर चालणाऱ्या पत्रांस जें आयुष्य लाभलें नाहीं तें त्यास लाभलें. ज्या पत्रामागें अशी संस्था असते, त्याचा वाचक त्या संस्थेचा हेतु काय हें जाणून वाचतो. आणि तो हेतु उघड सांगितलेला असला म्हणजे त्यांत वाचकाची फसवणूक होत नाहीं.

तिसरी वाट जाहिरातीची, आणि आजच्या विषयास हीच सर्वांत महत्त्वाची. ३ सप्टेंबर १८३३ रोजीं न्यूयॉर्क शहरीं बेंजामिन डे नांवाच्या मुद्रकानें "सन" हें पत्र काढलें. त्या वेळीं तेथील मोठीं पत्रें सहा सेंटांस मिळत. यानें आपल्या पत्राची किंमत एक सेंट ठेविली. एका सेंटांत छपाईचा खर्च कसा भरून निघावा? तो जाहिरातींतून निघाला. पत्र स्वस्त म्हणून वाचक पुष्कळ, वाचक पुष्कळ म्हणून जाहिरातदार पुष्कळ, अशी ती सांखळी होती. मित्रहो, या ठिकाणीं व्यवहार कसा पालटला तो पाहा. पूर्वीं संपादक वाचकास बातमी विकत असे. आतां तो जाहिरातदारास वाचकाचें लक्ष विकूं लागला. आमच्या दिवाळी अंकांचा कणाही जाहिरातच आहे. १९०९ सालीं काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं "मनोरंजन" मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून ही परंपरा चालत आली आहे.

चौथी वाट स्वतःच्या धंद्याची. सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी येथें लोखंडी नांगर व दुसरीं अवजारें तयार होत. तेथें १९२० सालीं शंकरराव किर्लोस्कर यांनीं "किर्लोस्कर खबर" काढली. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस व्हावी, हा मूळचा हेतु. परंतु संपादकानें वाचकास उपयुक्त व मनोरंजक मजकूर देण्याची हौस इतकी धरिली कीं, त्या खबरेचें महाराष्ट्रभर वाचलें जाणारें मासिक झालें, आणि पुढें १९३० सालीं "स्त्री" व १९३४ सालीं "मनोहर" हीं भावंडें त्यास मिळालीं. नांगर विकण्यासाठीं काढलेलें पत्रक लोक नांगर न घेतांही वाचूं लागले. याचें कारण त्यांत वाचकाच्या कामाचें कांहीं तरी होतें.

३. आजची रीत

आतां इंटरनेटकडे वळूं. तेथें नवें आहे तें यंत्र. वाटा त्याच चार.

जाहिरातीची वाट अशी. इंटरनेटवरील चौकटीची जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं अमेरिकेंतील "हॉटवायर्ड" या नियतकालिकाच्या पानांवर प्रथम झळकली. २००३ सालीं गूगल कंपनीनें "ॲडसेन्स" नांवाची योजना काढली, व लहान लेखकासही जाहिरातीचें दार उघडलें. लेखकानें आपल्या पानावर जागा मोकळी ठेवावी. वाचक पान उघडतो त्या निमिषांत त्या जागेचा यंत्राकडून लिलाव होतो. जो जाहिरातदार अधिक बोली लावील त्याची जाहिरात तेथें दिसते. गूगलमार्फतच जाहिरात खरेदी झाली असतां मिळालेल्या पैशांपैकीं सुमारें शेंकडा ६८ भाग लेखकास मिळतो, बाकीचा कंपनी ठेविते. ज्या भाषांस ही योजना लागू आहे, त्यांत मराठीचाही समावेश आहे.

तथापि या योजनेच्या अटी मुलांनीं व पालकांनीं नीट वाचाव्या. अठरा वर्षें पूर्ण झाल्याखेरीज कोणास स्वतःच्या नांवानें खातें काढतां येत नाहीं. तोंवर पालकानें आपल्या नांवानें अर्ज करावा लागतो, व पैसेही त्यासच मिळतात. उत्पन्न दहा डॉलरपर्यंत पोंचलें म्हणजे पत्ता खरा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं टपालानें एक पत्र येतें. त्यांतील आंकडा भरून दिल्याशिवाय पुढचें काम होत नाहीं. आणि शंभर डॉलर जमेपर्यंत एक पैही हातीं येत नाहीं.

दुसरी रीत दलालीची. १९९६ सालीं ॲमेझॉन कंपनीनें ती रूढ केली. लेखकानें एखाद्या वस्तूविषयीं लिहावें, तिच्या दुकानाचा दुवा द्यावा, आणि त्या दुव्यावरून कोणीं ती वस्तु घेतली तर लेखकास थोडी दलाली मिळावी, असा हा करार असतो.

तिसरी रीत वर्गणीची, म्हणजे "दर्पण"काराचीच. वाचक दरमहा कांहीं रक्कम देतो व लेख त्यास ई-मेलनें पोंचतो. अशी व्यवस्था पाहणाऱ्या "सबस्टॅक" या संस्थेचा आरंभ २०१७ सालचा आहे. ती वर्गणीचा दहावा हिस्सा आपल्याकडे ठेविते, व पैसे पोंचविण्याचा आकार निराळा पडतो.

चौथी रीत किर्लोस्करवाडीची. शिंपीकाम शिकविणारी बाई, रोपवाटिकेचा मालक, तबला शिकविणारा गुरु, हे आपल्या विद्येविषयीं लिहितात. तें वाचून गिऱ्हाईक अथवा शिष्य त्यांच्याकडे येतात. येथें लेखनाचा पैसा लेखनांत दिसत नाहीं, तो धंद्यांत दिसतो. लहान लेखकास ही रीत पुष्कळदां सर्वांत लवकर फळते, असें आमचें मत आहे.

४. त्रैराशिकाचें उदाहरण

आतां पाटी-पेन्सिल घेऊन एक हिशेब करूं. पुढील आंकडे आम्ही केवळ उदाहरणासाठीं धरिले आहेत. भाषा, विषय व हंगाम यांप्रमाणें खरे आंकडे पुष्कळ कमीअधिक होतात. श्रीमंत देशांतील इंग्रजी वाचकास जाहिरातदार अधिक भाव देतात, आणि मराठी वाचकास कमी.

समजा, एखादें पान हजार वेळां वाचलें गेलें म्हणजे लेखकास पन्नास रुपये मिळतात. आणि शंभर डॉलरचे ८,५०० रुपये होतात. तर पहिली रक्कम हातीं येण्यास किती वाचनें लागतील? ५० रुपयांस १,००० वाचनें, तर ८,५०० रुपयांस १,७०,००० वाचनें. रोज दोनशें वाचनें होत असतील, आणि नवख्या लेखकास पहिल्या वर्षीं दोनशें म्हणजे पुष्कळ झालीं, तर त्यास ८५० दिवस लागतील. म्हणजे दोन वर्षें व सुमारें चार महिने.

आतां खर्च मांडूं. ज्यास फुकटची जागा नको, स्वतःच्या नांवाचा पत्ता व भाड्याची जागा पाहिजे, त्यास वर्षाला ४,००० रुपये लागतात असें धरूं. ८५० दिवसांत हा खर्च सुमारें ९,३१५ रुपये झाला. मिळकत ८,५००; म्हणजे ८१५ रुपयांची तूट. यांत श्रमाची किंमत धरलेलीच नाहीं. आठवड्यास दोन लेख, प्रत्येकास पांच तास, असें मानलें तर ८५० दिवसांत बाराशें तासांहून अधिक काळ खर्ची पडला. शालान्त परीक्षेच्या वर्षीं हे तास कोठून काढावयाचे, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

हेंच गणित दुसऱ्या अंगानें मांडूं. समजा, एका लेखकास केवळ चाळीस वाचक असे लाभले कीं, ते त्याच्या लेखनासाठीं दरमहा शंभर रुपये संतोषानें देतात. एकूण झाले ४,०००. त्यांतून दहावा हिस्सा गेला, राहिले ३,६००. पैसे पोंचविण्याचा आकार आपण हिशेबाच्या सोयीसाठीं सोडून देऊं. एवढाच पैसा वरील दरानें जाहिरातींतून मिळवावयाचा तर महिन्यास ७२,००० वाचनें लागतात. म्हणजे विश्वासानें वाचणारे चाळीस जण हे वाटेनें जातां जातां डोकावणाऱ्या बहात्तर हजारांच्या बरोबरीचे ठरले. या एका ओळींत या लेखाचें सार आहे. पैसा शब्दांस मिळत नाहीं, वाचकाच्या विश्वासास मिळतो. आणि विश्वास जसजसा उणा, तसतशी गर्दी अधिक लागते.

५. वाचक कोठून यावा?

हा विश्वास कसा मिळवावा? आजवर इंटरनेटवरील बहुतेक वाचक शोधयंत्राच्या द्वारें येत. मनुष्यानें प्रश्न लिहावा, शोधयंत्रानें पानांची यादी दाखवावी, आणि त्यानें एखादें पान उघडावें, अशी रीत होती. २०२४ सालापासून गूगल यादीच्या वर कृत्रिम बुद्धीनें जुळविलेलें उत्तरच दाखवूं लागलें आहे, आणि भारतांतही तें दिसतें. ज्याचें काम त्या उत्तरानें भागतें तो पुढें पान उघडीत नाहीं. तेव्हां "आरोग्यदायी फळें कोणतीं" अथवा "अभ्यास कसा करावा" असल्या सामान्य विषयांवर चार ठिकाणचा मजकूर एकत्र करून लिहिणाऱ्यास आतां वाचक मिळणें कठीण झालें आहे. तें काम यंत्र क्षणांत करतें. शिवाय शोधांत वरचा क्रमांक मिळावा एवढ्याच हेतूनें यंत्राकडून ढीगभर मजकूर लिहवून घेण्यास गूगलनें मार्च २०२४ पासून स्पष्ट मनाई केली आहे.

मग यंत्रास काय करतां येत नाहीं? यंत्र तुमच्या बागेंत गेलेलें नाहीं. डाळिंबावर तेल्या रोग पडतो तेव्हां पहिला डाग कोणत्या पानावर दिसला, त्या आठवड्यांत पाऊस किती झाला, कोणती फवारणी केली व तिचा गुण किती दिवसांनीं आला, याची दिवसवार नोंद ज्या शेतकऱ्याच्या मुलानें ठेविली आहे, त्याच्यापाशीं असें कांहीं आहे कीं जें दुसऱ्या कोणापाशीं नाहीं. ज्या मुलीची आजी मालवणाकडील मासळीचीं नांवें, त्यांचे हंगाम आणि त्यांचीं कालवणें जाणते, तिनें तीं आजीजवळ बसून लिहून घेतलीं तर तें ज्ञान प्रथमच कागदावर येईल. ज्याचे वडील एस. टी. च्या आगारांत यंत्रकारागीर आहेत, ज्याच्या शेजारीं मूर्तिकार राहतो, ज्याच्या गांवांत जुन्या बारवा आहेत, त्या प्रत्येकाच्या अंगणांत विषय आहे. स्वतः पाहिलेलें, स्वतः करून पाहिलेलें, स्वतः मोजलेलें, आणि स्वतः विचारून घेतलेलें, एवढेंच लेखकाचें खरें भांडवल होय.

६. वाटेंतील खड्डे

या वाटेवर चार खड्डे आहेत. ते आम्ही नांवानिशीं सांगतों.

पहिला खड्डा चोरीचा. इंटरनेटवर दिसलें म्हणून तें सर्वांचें झालें, असा कित्येकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. आपल्या देशांत १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे; लेखकाच्या हयातींत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षेंपर्यंत त्याच्या लेखनावर त्याचा व त्याच्या वारसांचा हक्क राहतो. छायाचित्रांसही मालक असतो. दुसऱ्याचा उतारा घेऊन त्याखालीं आपलें नांव घालणें आणि दुसऱ्याच्या दप्तरांतून पेन काढून घेणें, यांत आम्हांस फरक दिसत नाहीं.

दुसरा खड्डा खोट्या मोजणीचा. आपल्याच पानावरील जाहिरातीवर आपणच बोट दाबावें, मित्रांसही तसें करावयास सांगावें, म्हणजे उत्पन्न वाढेल, अशी युक्ति मुलांस सुचते. यंत्र अशा खोट्या टिचक्या ओळखतें, खातें बंद होतें, आणि साठलेला पैसाही जातो. जाहिरातदाराचा पैसा कपटानें घेणें ही चोरीच होय, मग ती पकडली जावो वा न जावो.

तिसरा खड्डा विकत घेतलेल्या स्तुतीचा. एखादा दुकानदार म्हणतो, "आमच्या तेलाची तारीफ लिहा, बाटली फुकट, वर हजार रुपये." घेणारा घेतो आणि वाचकास सांगत नाहीं. या बाबतींत नियम झाले आहेत. भारतीय जाहिरात मानक परिषदेनें २०२१ सालीं असा दंडक घातला कीं, पैसा अथवा वस्तु घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे हें स्पष्ट दिसलें पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ सालीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें खोट्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, व पुन्हां तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. आणि शिफारस करणाराही त्यांत सांपडतो. परंतु दंडाहून मोठी हानि निराळी आहे. जे चाळीस विश्वासू वाचक जोडण्यास वर्षें लागलीं, ते एका खोट्या शिफारशीनें जातात.

चौथा खड्डा सर्वांत खोल, व तो पालकांसाठीं आहे. ब्लॉगपासून लाखों रुपये मिळविण्याची विद्या शिकवूं, असें सांगणारे वर्ग पुष्कळ निघाले आहेत. गेल्या वर्षीं एक पालक आमचा सल्ला घेण्यास आले. त्यांच्या मुलाचें मन अशा एका वर्गावर बसलें होतें, व त्याची फी पंधरा हजार रुपये होती. मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठीं पोस्टांत ठेविलेली रक्कम काढून ती भरावी काय, हा त्यांचा प्रश्न होता. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, शिकविणाऱ्यास एकच प्रश्न विचारा: "आपलें स्वतःचें उत्पन्न ब्लॉगचें आहे कीं फीचें?" त्यांनीं तो विचारला. उत्तर मिळालें नाहीं, आणि पोस्टांतली रक्कम जागच्या जागीं राहिली.

हा डावही नवा नाहीं. १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें. सॅम्युएल ब्रॅनन नांवाचा एक गृहस्थ तेथें वृत्तपत्र चालवीत असे, व सोन्याच्या प्रदेशाजवळ त्याचें दुकानही होतें. त्यानें कुदळी, फावडीं, घमेलीं असें सामान दुकानांत भरून ठेविलें, आणि मग सोन्याच्या कणांची बाटली हातांत धरून सॅन फ्रॅन्सिस्कोच्या रस्त्यांतून "सोनें! सोनें!" अशी आरोळी ठोकीत तो फिरला. लोक खाणींकडे धांवले. ब्रॅनननें कुदळ हातीं न धरतां कुदळी विकून अपार पैसा मिळविला. तेव्हां पालकहो, कोणी सोन्याची आरोळी ठोकूं लागला म्हणजे त्याच्या दुकानांत काय भरलें आहे, तें आधीं पाहावें.

७. मग करावें काय?

एवढें सांगून "या वाटेस जाऊंच नका" असें आम्ही म्हणत नाहीं. उलट, लिहिण्याची हौस ही शाळकरी वयांत लागलेली फार मोलाची गोष्ट आहे. फक्त क्रम नीट राखावा. आधीं विद्या, मग वाचक, आणि शेवटीं पैसा.

विद्यार्थ्यानें प्रथम एक विषय निवडावा. जो आपल्या घरांत, गांवांत अथवा छंदांत आहे असा. त्यावर एक वर्ष दर आठवड्यास एक लेख वहींत लिहावा. वर्षाअखेर पन्नास लेख झाले, तर त्यास लिहिण्याचा दम आहे असें समजावें. दहाव्या लेखालाच विषय संपला, तर पैसा न घालवितां तेंही कळलें, हा लाभच होय. प्रत्येक लेख भाषेच्या शिक्षकांस व एका वर्गमित्रास वाचावयास द्यावा, व मित्रास विचारावें, "यांतून तुला नवें काय कळलें?" शाळेचें भित्तिपत्रक हा तर बिनभाड्याचा ब्लॉगच आहे, तेथें वाचक समोर उभा असतो आणि कंटाळला तर आपल्या डोळ्यांदेखत निघून जातो. याहून चांगली परीक्षा कोणती?

पुढें इंटरनेटवर यावयाचें तेव्हां फुकटच्या जागेंतच आरंभ करावा. मराठींत लिहावें, आणि शुद्ध लिहावें. आपल्या लिपींत पत्ता असावा अशी हौस असेल, तर २०१४ सालापासून "डॉट भारत" हा देवनागरी पत्ताही मिळतो; पण ती हौस वाचक जमल्यावर पुरवावी. घरचा पत्ता, फोन क्रमांक, शाळेची वेळ व लहान भावंडांचीं छायाचित्रें कधींही टाकूं नयेत. पालकांनीं पहिलीं दोन वर्षें प्रत्येक लेख प्रसिद्ध होण्यापूर्वीं वाचावा. मुलावर पहारा ठेवण्यासाठीं नव्हे, तर त्याचा पहिला वाचक होण्यासाठीं. पैसा येऊं लागला तर तो बँकेच्या खात्यांत घ्यावा, जमाखर्चाची वही ठेवावी, आणि प्राप्तिकराच्या हिशेबांत तें उत्पन्न दाखवावें.

आणि बाळशास्त्र्यांचें स्मरण ठेवावें. त्यांनीं एका हातीं अध्यापन व दुसऱ्या हातीं "दर्पण" धरिलें. तुम्हीही शिक्षण पुरें करा, एखादा व्यवसाय हातीं घ्या, आणि त्या व्यवसायांत जें शिकाल तें लिहा. मग लेखणीनें चार पैसे दिले तर ते आनंदानें घ्या. न दिले तरी घरची चूल विझणार नाहीं, आणि लिहिलेलें कोणाच्या तरी उपयोगीं पडेल.

अभ्यासार्थ प्रश्न

(१) लेखनाचा पैसा येण्याच्या चार वाटा सांगा, व प्रत्येकीचा एक जुना आणि एक आजचा दाखला द्या.

(२) दर हजार वाचनांस ४० रुपये मिळतात व रोज ३०० वाचनें होतात. तर ८,५०० रुपये जमण्यास किती दिवस लागतील?

(३) आपल्या घरांतील अथवा गांवांतील असा एक विषय लिहा, ज्याची माहिती इतरांपेक्षां तुम्हांस अधिक आहे. ती तुम्हीं कोणाकडून व कशी मिळविली?

(४) वृत्तपत्रांतील अथवा मोबाइलवरील एखादी शिफारस घ्या, आणि ती लिहिणारास पैसा कोण देत असावा, हें घरांतील वडील माणसांबरोबर बसून शोधा.